वाढत्या अंगाचं माप

मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं मला विचारलं, “रोज सुई टोचून लेकरू खरंच वाढतंय का हो?” तिच्या मांडीवर मुलगा होता. दिसायला तीन वर्षांचा, पण दहाचा पाढा घडाघडा म्हणत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिचा नंबर लागला, ती आत गेली आणि उत्तर माझ्याजवळच राहिलं. ते इथं लिहिते.

पैशाचं लिहिणार नाही. एका संस्थेनं औषधाला मदत केली आणि आमचं भागलं, एवढं पुरे. औषध कसं काम करतं तेही डॉक्टरांना विचारा. मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला मापं कळतात.

दुमड

मी तलवाड्यात ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. माझी उंची चार फुटांच्या जरा वर आहे. माझ्या आईचीही तेवढीच होती. पाय मशीनच्या पायट्याला टेकावेत म्हणून नवऱ्यानं स्टुलाचे पाय कापून दिलेत, आणि मोठ्या बायकांच्या खांद्याचं माप घ्यायला मी लाकडी खोक्यावर चढते. गिऱ्हाइकांना त्याची सवय आहे. एखादी नवीन बाई गडबड करायला लागली की जुनीच तिला सांगते, “थांब, तिला खोका घेऊ दे.” टीचभर, बुटकी, बाहुली, सगळं म्हणून झालंय मला. राग यायचा तो शाळेत असतानाच येऊन संपला.

पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे असतात. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं. जून आला की आया तोच गणवेश घेऊन येतात, मी दुमड उसवते, थोडं कापड सोडते आणि पुन्हा टीप घालते. माझी मुलगी निकिता. तिचा पहिलीतला फ्रॉक चौथीतही तिला नीट बसत होता. बाहेरून कापड विटून गेलं, पण दुमडीच्या आतला निळा रंग दुकानातून आणल्यासारखा राहिला.

घरात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणायच्या, “आईवर गेलीय. कापड कमी लागतंय, बरंच हाय की.” निकिताचे पप्पा मेंढ्या राखतात. कोकराला नुसतं उचलून त्याची वाढ सांगतात. निकितालाही रोज उचलून घ्यायचे, आणि ती हलकी आहे याचं त्यांना कौतुकच होतं.

हाताचा फोटो

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी निकिताला बाजूला काढलं. तिथून आम्हाला बीडला पाठवलं आणि बीडहून संभाजीनगरला. तिथल्या खिडकीतल्या माणसानं वर न बघता मला विचारलं, “बाळ, सोबत मोठं कुणी आलंय का?” मी म्हटलं, “मीच मोठी आहे.” त्यानं वाकून बघितलं आणि केसपेपर काढून दिला.

त्यांनी निकिताच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मला वाटलं होतं, उंचीची तक्रार आहे तर पायाचा काढतील. मग एका सकाळी तिला उपाशीपोटी एक गोळी दिली. तिला गुंगी आली, आणि हाताला लावलेल्या नळीतून सिस्टर थोड्या थोड्या वेळानं रक्त काढत राहिल्या. ती झोपेतच हात पुढं करायची. मी पलंगाशेजारी उभी होते. समोरच्या हिरव्या पडद्याची खालची शिवण उसवलेली होती, कुणीतरी ती उलट्या बाजूनं टाके घालून शिवली होती. त्या सगळ्या वेळात मी त्या टाक्यांचाच विचार केला. मुलीकडे बघून काही वाटायला पाहिजे होतं, ते वाटत नव्हतं.

त्यातल्या एक सिस्टर येता-जाता मला उभी बघत होत्या. पलंग उंच होता, मला वर बसता येत नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी पायरी पायानं माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. त्या दवाखान्यातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते हेच.

सकाळी बुटकी, दुपारी आजारी

रिपोर्ट घ्यायला निकिताचे पप्पाही आले होते. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. डोक्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथून वाढीचं संप्रेरक अंगात येतं, निकिताच्या अंगात ते जवळजवळ येतच नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ते माझ्याकडे बघून थांबले.

“ताई, हे घराण्यातून आलंय.”

“माझ्याकडून,” मी म्हणाले.

“हो. त्यात तुमचा दोष नाही.”

“म्हणजे मलाही हा आजार आहे?”

“बहुतेक तोच. तुमच्या लहानपणी कुणी तपासलं नाही.”

“मला औषध?”

“उंचीसाठी आता उपयोग नाही. हाडांची टोकं जुळली की वाढ थांबते. निकिताची अजून उघडी आहेत. वयात आली की ती हळूहळू मिटत जातील. तेवढ्या वेळात मिळेल तेवढी उंची मिळवायची.”

त्या सकाळी घरातून निघाले तेव्हा मी बुटकी होते. दुपारी आजारी झाले. एवढी वर्षं जे माझं अंग होतं, त्याला टेबलावर नाव मिळालं होतं, आणि उपाय होता तो माझ्यासाठी नव्हता. डॉक्टर पुढं बरंच बोलले. औषधाचं सुईवालं पेन कसं धरायचं, ते औषध कुठं ठेवायचं, कुठं टोचायचं. मी मान हलवत होते. माझ्या कानात काही शिरत नव्हतं.

गावाकडे जायच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर आम्ही वडापाव घेतला आणि मी माझा सगळा खाल्ला. भूक लागली होती याचंच मला नवल वाटलं.

निकिता म्हणाली, “मम्मी, तुला बी सुई देणार का?”

“नाही.”

“कावून?”

“माझं वय गेलं.”

“मग तू अशीच राहणार?”

“हो,” मी म्हणाले आणि तिच्या हातातला वडापावचा कागद कचऱ्यात टाकून आले.

संध्याकाळची सुई

घरी पहिला विरोध आत्याबाईंचा झाला. “तुजं काय अडलं गं? संसार केलास, लेकरू झालं, चार बायांत मशीन चालवतीस. मग पोरीला कावून टोचायलीस?”

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. ते ऐकून घेण्यासारखं होतं आणि मला ते नाकारावं लागत होतं. मी म्हणाले, “अडलं नाही. पण तिला वरच्या फळीवरचा डबा हातानं काढता आला तर बरं.” त्यांनी तोंड फिरवलं. निकिताचे पप्पा दारात बसून चपलेचा अंगठा दाबत होते. ते म्हणाले, “मला कोकराची वाढ कळती. लेकीची कळली न्हाई.” मग उठून मेंढ्यांकडे गेले.

सुई रोज संध्याकाळी, जेवण झालं की. एक दिवस उजवी मांडी, एक दिवस डावी, कधी पोट. मेंढ्यांना लस टोचताना निकिताचे पप्पा एका हातानं मेंढरू दाबून धरतात. लेकीला टोचायचं म्हटलं की ते अंगणात जायचे. ते काम माझ्याकडे आलं. सुई मशीनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असते. पहिल्या दिवशी मी ते शिवणासारखंच केलं, चिमटीत धरून सरळ आत. निकितानं भिंतीकडे तोंड केलं होतं. तिला दुखलं का, हे मी विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तरी मला दुसऱ्या दिवशी टोचायचंच होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एक बाई ब्लाऊज टाकायला आली आणि हळूच म्हणाली, “दुधीभोपळ्याला टोचत्यात तेच का गं हे?” दुसरीनं कोंबड्यांचं नाव काढलं. मी खोक्यावर उभी राहून तिच्या खांद्याचं माप घेत होते. म्हटलं, “हो, तेच. पुढच्या महिन्यात अंडी देईल.” त्यावर ती मनापासून हसली आणि तिनं पुन्हा विषय काढला नाही.

निकिताला भूक लागायला लागली. रात्री पाय दुखतात म्हणायची, तेव्हा मी पोटऱ्या चोळून द्यायचे. पाचवीत फ्रॉकची दुमड पहिल्यांदा उसवली. आतलं निळं कापड बाहेर आलं, खाली वेगळ्या रंगाचा पट्टा दिसायला लागला. निकिताच्या पप्पांनी तो पट्टा हात लावून बघितला आणि गावभर सांगून आले. आत्याबाईंनी सुई झाल्यावर निकिताच्या हातावर गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवला. मग तो रोजच ठेवायला लागल्या. मी एकटी तेवढी आनंद झाल्यासारखं करत होते. उसवलं, शिवलं, तिला घातलं. आत सगळं बधिर होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्हालाही तसं होईल आणि वाटेल की आपल्याला लेकराची माया नाही. तसं नसतं. रोज उठून लेकराला टोचायचं असेल तर थोडं बधिर व्हावंच लागतं.

निकिता सहावीत असताना एका तपासणीला डॉक्टरांनी उंची मोजली, आम्हा दोघींना शेजारी उभं केलं आणि खूश होऊन तिला म्हणाले, “असंच चाललं तर वर्षाच्या आत मम्मीला मागं टाकशील.” मी हसले. निकिता खाली बघत होती. मला वाटलं, लाजली.

बर्फ

त्याच उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विजेची डीपी जळाली. औषध थंड ठेवावं लागतं आणि फ्रिज बंद. निकिताचे पप्पा मोटारसायकल काढून माजलगावला गेले. धरणातली मासळी जिथं बर्फात भरतात तिथून बर्फाचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणला. ते या कामात तयार होते. मेंढ्यांची लस ते दरसाल जनावरांच्या दवाखान्यातून बर्फातच आणतात. ती तिथं गोठवलेलीच असते, आणि बर्फ वितळला की लस वाया जाते. एका वर्षी वाटेत बर्फ संपला आणि पुढं साथीत अर्धा कळप गेला. तेव्हापासून औषध आणि बर्फ यात ते हयगय करत नाहीत.

डीपी दुरुस्त झाली. पण त्यांना आता भरवसा उरला नव्हता. औषधाची नवी पेटी आली की ते ती फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लागले. लागणारं पेन तेवढं आदल्या दिवशी खाली काढायचे. मी ते रोज बघत होते आणि मला माणूस किती काळजी घेतो असं वाटत होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी निकिताला भिंतीला टेकवून उभं केलं. पुन्हा उभं केलं. मग कागद बघितले. “डोस चुकले का?”

“एकही नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. मी तापात असतानाही चुकवला नव्हता.

“जवळजवळ काहीच वाढ नाही.” मग त्यांनी एकेक विचारत नेलं. पेन कसं धरता, कुठं टोचता, ठेवता कुठं. निकिताचे पप्पा पुढं सरकून ताठ मानेनं म्हणाले, “बर्फात ठेवतो, साहेब. वरच्या खणात. एक दिवस हयगय न्हाई.”

डॉक्टरांनी हातातलं लिहायचं पेन खाली ठेवलं. “हे औषध गोठलं की मरतं,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी हे पहिल्या दिवशीच सांगितलं असणार. त्या दिवशी माझं लक्ष कुठं होतं ते मी वर लिहिलंय; निकिताच्या पप्पांनी त्यातलं ‘थंड’ एवढंच धरलं होतं.

निकिताचे पप्पा बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. “मेंढरांचं गोठलं न्हाई तर मरतंय, हिचं गोठलं तर मरतंय. मला काय ठावं,” ते म्हणाले. परत तेच म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांचा राग आला नाही, कीव आली नाही. इतक्या संध्याकाळी पोरीच्या मांडीत आपण नुसतं पाणी टोचलं आणि तेवढ्या वेळात तिच्या हाडांचं मिटणं मात्र थांबलं नाही, हे मला कळत होतं. कळत होतं, पण पोचत नव्हतं.

गाडीत निकिता माझ्या शेजारी खिडकीशी बसली होती. ती काचेकडे बघत म्हणाली, “बरं झालं.”

मी विचारलं, “काय बरं झालं?”

“काय न्हाई.”

सुईला कंटाळली असेल म्हणून मी सोडून दिलं. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी एवढं वाचा: फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, बर्फाला टेकवून नाही. एकदा गोठलेलं पेन वितळून चांगलं दिसलं तरी वापरू नका. आणि घरात सगळ्यात जास्त काळजी घेणारं जे माणूस आहे, त्याला हे आधी सांगा.

खोका

नवं औषध सुरू झालं तशी निकिता पुन्हा वाढली. बाह्या आखूड व्हायला लागल्या. पण मग ती वाकून चालायला लागली. बाजारात माझ्या मागून चालायची. नात्यातल्या लग्नात फोटो काढायची वेळ आली की आधी खाली बसायची. आत्याबाई म्हणाल्या, “पोरगी वयात यायलीय, लाजती.” मलाही ते पटलं.

या जूनमध्ये ती आठवीत गेली. आठवीपासून मुलींना सलवार-कमीज असतं. जुन्या फ्रॉकमध्येच तिला समोर उभी करून मी सलवारीचं माप घ्यायला बसले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत घेतलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत घेतलं. मग सवयीनं कमरेपासून टाचेपर्यंत एकदम टेप सोडली. ते माप आधीच्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी आलं. पुन्हा घेतलं, तेवढंच आलं.

“सरळ उभी राहा,” मी म्हणाले.

“उभीच हाय.”

मी तिच्या गुडघ्यांमागं हात घातला. गुडघे वाकवलेले होते. फ्रॉकच्या घेरात ते दिसत नव्हते. पोटऱ्या ताणून दगड झाल्या होत्या, म्हणजे हे आजचं नव्हतं.

“कधीपासून असं उभी राहायलीस?”

मी टेप गळ्यात टाकली आणि थांबले. घाई नव्हती.

“मी सरळ उभी राहिले की तुझ्यापेक्षा उंच दिसते,” ती म्हणाली.

“त्यासाठीच तर सगळं केलं आपण.”

“मग आजारी तू एकटीच राहतीस ना, मम्मी.”

तेव्हा मला ते गाडीतलं ‘बरं झालं’ कळलं. स्टँडवर माझा वडापाव मी पुरता खाल्ला होता आणि तिनं माझा ‘हो’ घरी आणून इतकी वर्षं जपला होता. रोज संध्याकाळी मी तिला उंच करत होते आणि ती दिवसभर ते वाकून लपवत होती. मला रडू आलं. रिपोर्टच्या दिवशी आलं नव्हतं, बर्फाच्या दिवशी आलं नव्हतं. ती घाबरली, मला म्हणाली, “बसू का खाली?”

“बसू नको,” मी म्हणाले. “मी आजारी नाही गं. मी बुटकी आहे. मला सवय आहे. तुझ्या पोटऱ्यांना नाही.”

मग मी मशीनखालचा खोका पायानं ओढला. निकितासाठी तो आजवर कधी लागला नव्हता. मी त्यावर चढले तशी ती डोळे पुसत म्हणाली, “आता परत तूच उंच.”

“मापापुरती. पाय सरळ कर.”

तिनं हळूहळू गुडघे सरळ केले. तिचा खांदा माझ्या हाताखाली वर आला. मी टेपचं टोक खांद्यावर धरलं, खाली सोडलं, माप पाटीवर लिहिलं आणि दुमडीला नेहमीपेक्षा दोन बोटं कापड जास्त धरलं. डॉक्टर म्हणतात अजून थोडा वेळ आहे. मला आनंद झाला होता, आणि एकटंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

बाकावरच्या बाईंना सांगायचं ते एवढंच. हो, लेकरू वाढतं. नुसतं अंगानं नाही. तेही मधूनमधून मोजा.

मी खोक्यावरून उतरले. निकिता तशीच सरळ उभी राहिली. “चहा ठेव जा,” मी म्हणाले, आणि ते म्हणायला मला मान जरा वर करावी लागली.